गरोदरपणात एचआयव्हीची औषधे सुरक्षितपणे कशी घ्यावीत

गर्भधारणेच्या चाचणीपट्टीवर दुसरी रेघ उमटली की एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या स्त्रीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो गोळ्यांचा: या घेत राहिले तर पोटातल्या बाळाला काही होणार तर नाही ना? प्रश्न रास्त आहे, कारण दिवस गेल्यावर साधी डोकेदुखीची गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये, असेच प्रत्येकीने ऐकलेले असते. या औषधांच्या बाबतीत मात्र त्या सवयीने वागणे अंगाशी येते. डॉक्टरांची भेट होईपर्यंत आजची गोळी आज घ्यायची, उद्याची उद्या घ्यायची, आणि स्वतःच्या मनाने एकही दिवस खंड पाडायचा नाही. पुढचा सगळा मजकूर ही एक सूचना धरूनच वाचावा. औषध बदलण्याची गरज काही जणींना खरोखरच पडते, पण जुने थांबवून नव्याची वाट पाहत बसणे म्हणजे बदल नव्हे. नवी गोळी हातात आल्यावरच जुनी सुटली पाहिजे.

गोळ्या थांबवल्या तर काय होते

एचआयव्हीविरोधी उपचार, म्हणजे एआरटी, विषाणूला शरीरातून हाकलत नाही, तर त्याची वाढ रोखून धरतो. औषध थांबले की काही पेशींत दडून बसलेला विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो मोजता येण्याइतका होतो. रक्तातले हे प्रमाण, ज्याला व्हायरल लोड म्हणतात, जितके जास्त, तितकी पोटात, बाळंतपणात आणि दूध पाजताना बाळाला लागण होण्याची शक्यता जास्त. कोणताही उपचार घेतला नाही, तर स्तनपानाचा काळ धरून शंभरातील १५ ते ४५ बाळांना आईकडून एचआयव्हीची लागण होऊ शकते.

औषधांनी हे चित्र किती पालटले, ते टप्प्याटप्प्याने दिसले. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधील एका चाचणीत झिडोव्हुडीन हे एकच औषध गरोदरपणात, बाळंतपणाच्या वेळी आणि नंतर सहा आठवडे बाळाला दिल्यावर लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. पुढे तीन औषधांचा एकत्र उपचार रूढ झाला. फ्रान्समध्ये २००० ते २०११ या काळात झालेल्या बाळंतपणांची नोंद तपासली गेली, तेव्हा गर्भधारणेच्या आधीपासून औषधे घेणाऱ्या, ती अखंड चालू ठेवणाऱ्या आणि बाळंतपणाच्या सुमारास व्हायरल लोड ५० च्या खाली (म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या ५० हून कमी प्रती) असणाऱ्या स्त्रियांची २,६५१ बाळे त्यात होती. त्यांच्यापैकी एकालाही आईकडून लागण झाली नव्हती. ती बाळे आईच्या दुधावर नव्हती हे खरे, परंतु गर्भातल्या आणि बाळंतपणातल्या धोक्यापुरता हा आकडा पुरेसा बोलका आहे.

थांबवण्याचे आणखी दोन तोटे आहेत आणि ते आईच्या वाट्याला येतात. औषधे कधी घेतली, कधी सोडली असे झाले की विषाणू त्यांना सरावतो आणि तीच गोळी पुढे लागू पडेनाशी होते. शिवाय टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडीन ही औषधे हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरही काम करतात. ज्या स्त्रीला दोन्ही आजार आहेत तिने ती एकदम सोडली, तर यकृताचा दाह उसळून जिवावर बेतू शकते.

‘सुरक्षित’ या शब्दाचा नेमका अर्थ

कोणतेही औषध न घेणाऱ्या, पूर्णपणे निरोगी स्त्रियांच्या बाळांतही शंभरामागे साधारण तिघांत काहीतरी जन्मजात व्यंग आढळते. त्यामुळे एखाद्या औषधाबद्दल विचारण्याचा खरा प्रश्न असा की, ते घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत हे प्रमाण तीनाहून वाढते का, आणि वाढत असेल तर कोणत्या आठवड्यांत घेतल्यामुळे वाढते. याचे उत्तर प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुरते मिळत नाही. ते हजारो बाळंतपणांच्या नोंदींतूनच मिळते. १९८९ पासून चालू असलेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत गरोदरपणी ही औषधे घेतलेल्या स्त्रियांची माहिती बाळाचा जन्म होण्याआधीच नोंदवून घेतली जाते आणि नंतर निकाल पडताळला जातो. नेहमीच्या वापरातील टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन, एम्ट्रिसिटाबीन आणि डोल्युटेग्राव्हिर यांच्या बाबतीत जन्मजात व्यंगाचे प्रमाण सर्वसाधारण प्रमाणापेक्षा वाढलेले आढळलेले नाही.

डोल्युटेग्राव्हिरची कथा इथे थोडी सविस्तर सांगावीशी वाटते, कारण जुन्या बातम्या आजही फोनवर फिरत असतात आणि त्या वाचून गोळी सोडण्याचा विचार करणाऱ्या स्त्रिया आहेत. बोत्सवानात २०१४ पासून मोठ्या प्रसूतिगृहांतील प्रत्येक जन्माची नोंद ठेवणारा एक अभ्यास सुरू होता. मे २०१८ मध्ये त्यातून असे पुढे आले की, गर्भ राहण्याच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेत असलेल्या स्त्रियांच्या ४२६ बाळांपैकी ४ बाळांत मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती न्यूरल ट्यूब नीट मिटली नव्हती. म्हणजे जवळपास एक टक्का, आणि एरवीचे प्रमाण हजारात एक. साहजिकच अनेक देशांनी मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना हे औषध देताना हात आखडता घेतला. पण मोजणी चालूच राहिली. २०१९ मध्ये १,६८३ बाळांत अशी ५ बाळे होती, आणि २०२२ पर्यंत नऊ हजारांहून अधिक जन्म मोजल्यावर प्रमाण हजारात एकाच्या आसपास येऊन इतर औषधांच्या बरोबरीला बसले. लहान संख्येत योगायोगाने एकत्र आलेल्या घटना मोठ्या संख्येत विरून गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने तर जुलै २०१९ मध्येच, तोवरच्या आकड्यांच्या आधारे, गरोदर स्त्रियांसह सर्वांसाठी डोल्युटेग्राव्हिरला पहिली पसंती दिली होती.

त्याआधी एफाव्हिरेन्झ या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत असेच घडले होते. माकडांवरच्या एका प्रयोगात वीसपैकी तीन पिल्लांत व्यंग आढळल्याने ते गरोदरपणी वर्षानुवर्षे टाळले गेले, आणि माणसांची पुरेशी माहिती हाती आल्यावर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते गरोदर स्त्रियांनाही पहिल्या पसंतीचे म्हणून सुचवले. या दोन्ही प्रकरणांत धोक्याची सूचना देणारे चुकले असे मी म्हणणार नाही. सूचना वेळीच दिली गेली आणि मोजणी अर्ध्यावर सोडली गेली नाही, म्हणूनच आज खात्रीने बोलता येते.

यात आठवड्यांचा एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, चाचणी केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, एवढ्यात तो काळ बहुधा उलटून गेलेला असतो. म्हणजे दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून गोळी सोडल्याने या विशिष्ट दोषापासून संरक्षण तर मिळत नाहीच, उलट विषाणूला मात्र मोकळे रान मिळते. त्या दोषाविरुद्ध उपयोगी पडते ते फॉलिक अ‍ॅसिड, आणि ते रोज ४०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात गर्भ राहण्याच्या आधीपासूनच सुरू करायला हवे. मूल हवे आहे असे ठरले की ही गोष्ट डॉक्टरांकडे आधी बोलावी.

तुमच्या डब्यात कोणते औषध आहे ते पाहा

अनेक जणी डब्यावरचे लेबल खरवडून टाकतात किंवा गोळ्या दुसऱ्याच बाटलीत भरतात, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. मात्र तसे करण्यापूर्वी लेबलाचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा, कारण प्रसूतितज्ज्ञाला ‘पांढरी लांबट गोळी, रात्रीची’ या वर्णनावरून काहीच ठरवता येत नाही. हवी असतात ती घटकांची नावे आणि मिलिग्रॅमचे आकडे.

टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडीन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असे लिहिलेले असेल, तर ती टीएलडी म्हणून ओळखली जाणारी, रोज एकदा घ्यायची गोळी आहे आणि गरोदरपणात ती तशीच, त्याच मात्रेत चालू राहते. गरोदरपणातच निदान झालेल्या स्त्रीलाही बहुतेक ठिकाणी हाच उपचार, शक्यतो निदानाच्या दिवशीच, सुरू केला जातो. डोल्युटेग्राव्हिर व्हायरल लोड झपाट्याने खाली आणते, ही उशिरा निदान झालेल्यांसाठी मोठीच सोय आहे. १४ ते २८ आठवड्यांच्या ६४३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत बाळंतपणापर्यंत व्हायरल लोड २०० च्या खाली गेलेल्यांचे प्रमाण डोल्युटेग्राव्हिरच्या गटांत ९८ टक्के, तर एफाव्हिरेन्झच्या गटात ९१ टक्के होते.

काही औषधे अपायकारक नसूनही गरोदरपणात अपुरी पडतात. गर्भारपणी रक्ताचे आकारमान वाढते, यकृत काही औषधांचा निचरा जास्त वेगाने करते, आणि नेहमीची मात्रा घेऊनही रक्तातली पातळी खाली येते. कोबिसिस्टॅट हा घटक असलेल्या गोळ्यांचे नेमके असेच होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत त्यांची पातळी इतकी घसरते की त्या सहसा बदलल्या जातात. डॅरुनाव्हिर रिटोनाव्हिरसोबत घेणाऱ्या स्त्रीला दिवसातून एकदाऐवजी दोनदा घ्यावे लागते. रिल्पिव्हिरीनची पातळीही उतरते, म्हणून ते चालू ठेवले तर व्हायरल लोड अधिक वेळा तपासतात. दर महिन्या-दोन महिन्यांनी मिळणारी लांब पल्ल्याची इंजेक्शने घेत असाल, तर शेवटच्या इंजेक्शननंतरही औषध वर्षभर किंवा अधिक काळ शरीरात रेंगाळते, तेव्हा ती चालू ठेवायची की गोळ्यांवर यायचे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांसोबत बसूनच ठरवावे.

टाळायची म्हणावीत अशी नावे थोडी आहेत. स्टॅव्हुडीन आणि डिडॅनोसीन ही जोडी गरोदर स्त्रियांत रक्तातील लॅक्टिक आम्ल जीवघेण्या पातळीला नेऊ शकते, असा इशारा २००१ मध्येच दिला गेला आणि आता ती औषधे जवळपास वापरातून गेली आहेत. नेव्हिरापीन सीडी४ पेशी (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या रक्तातील पेशी) २५० पेक्षा जास्त असलेल्या स्त्रीला नव्याने सुरू करत नाहीत, कारण यकृताला इजा होण्याचा धोका असतो. जी ते आधीपासून घेते आहे आणि जिला ते मानवले आहे, तिच्यासाठी हा नियम नाही.

लोह, कॅल्शियम आणि पित्ताचे औषध

ज्या चुकीने बरेच नुकसान होते आणि जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही, ती ही. गरोदर स्त्रीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. त्या लिहून देणारे डॉक्टर बऱ्याचदा वेगळे असतात आणि एआरटी देणारे केंद्र वेगळे. सकाळी उपाशीपोटी, आठवण राहावी म्हणून, सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेऊन पाण्याबरोबर गिळल्या जातात. गोळी रोज वेळेवर घेतली जाते, एकही चुकत नाही, आणि तरीही व्हायरल लोड वाढलेला निघतो.

याचे कारण डोल्युटेग्राव्हिरच्या कामाच्या पद्धतीतच आहे. विषाणूच्या ज्या विकराला (एन्झाइमला) ते अडवते, त्याच्या मर्मस्थानी मॅग्नेशियमचे कण असतात आणि हे औषध त्या धातूलाच घट्ट पकडून बसते. धातू पकडण्याचा हाच गुण पोटात आडवा येतो: लोह, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा जस्त समोर आले की औषध त्यांना चिकटते आणि रक्तात न शिरता शरीराबाहेर जाते. उपाशीपोटी एकत्र घेतल्यास कॅल्शियममुळे रक्तात पोहोचणारे डोल्युटेग्राव्हिर सुमारे ३९ टक्क्यांनी, लोहामुळे सुमारे ५४ टक्क्यांनी, आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या पित्तशामक औषधामुळे सुमारे ७४ टक्क्यांनी कमी होते, असे मोजले गेले आहे.

नियम असा: डोल्युटेग्राव्हिर हे लोह, कॅल्शियम किंवा पित्तशामक औषध घेण्याच्या दोन तास आधी किंवा ते घेतल्यावर सहा तासांनंतर घ्यावे. लोह आणि कॅल्शियमपुरती एक सवलत आहे. भरपेट जेवणासोबत घेतल्यास ती डोल्युटेग्राव्हिरबरोबर चालतात, कारण अन्नासोबत औषधाचे शोषण वाढते आणि झालेली घट भरून निघते. पित्तशामक पातळ औषधाला किंवा चघळण्याच्या गोळीला ही सवलत नाही. तिथे दोन आणि सहा तासांचे अंतर पाळावेच लागते.

व्यवहारात हे कसे बसवायचे? सकाळी मळमळ होत नसेल तर उठल्याबरोबर एआरटीची गोळी, दुपारी लोह आणि रात्री झोपताना कॅल्शियम, ही मांडणी सर्वांत सोपी. लोह आणि कॅल्शियम परस्परांपासूनही दूर राहतात, आणि तेही बरेच, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. सकाळी पोटात काहीच टिकत नसेल, तर क्रम उलटा करावा: लोह सकाळी उशिरा, कॅल्शियम दुपारी दोनच्या सुमारास आणि एआरटी रात्री नऊ-दहाला. डोल्युटेग्राव्हिरची वेळ बदलून जी वेळ निवडाल ती पुढे तीच ठेवा. फॉलिक अ‍ॅसिडची एकटी गोळी कधीही घेतली तरी चालते, मात्र ‘गरोदरपणाचे टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह, जस्त वगैरे असतात, म्हणून ते लोहाच्याच रांगेत बसवावे. छातीत जळजळ होते म्हणून दुकानातून काहीही आणण्यापूर्वी घटक वाचावेत. ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी कॅप्सूल डोल्युटेग्राव्हिरला बाधत नाही, पण रिल्पिव्हिरीन घेणाऱ्या स्त्रीने ती मुळीच घेऊ नये.

आणखी दोन औषधांचा मेळ डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. गरोदरपणातील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दिले असेल तर डोल्युटेग्राव्हिरमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, त्यामुळे त्याची मात्रा साधारणपणे दिवसाला १,००० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवतात. अपस्माराच्या काही औषधांनी आणि सेंट जॉन्स वर्टसारख्या वनौषधींनी एआरटीची पातळी घटते, म्हणून ‘वनस्पतीचेच आहे, अपाय काय होणार’ या भरवशावर काही घेऊ नये.

उलट्या आणि विसरलेली गोळी

गोळी घेतल्यावर तासाभराच्या आत उलटी झाली, किंवा उलटीत गोळी दिसली, तर सामान्यतः पुन्हा एक गोळी घ्यायची असते. त्यानंतर झाली तर घ्यायची गरज नसते. तुमच्या औषधासाठी केंद्राने वेगळी सूचना दिली असेल तर ती पाळावी. अशा जादा गोळ्यांमुळे महिन्याचा साठा दोन-तीन दिवस आधी संपतो, हे केंद्रात आधीच सांगून ठेवावे. उलट्या रोजच्याच झाल्या असतील, तर गोळीची वेळ हलवण्याबरोबरच गरोदरपणात चालणारे उलटीचे औषध मागून घ्यावे. त्यात संकोच नको. दिवसभरात पाणीही टिकत नसेल तर रुग्णालयातच जावे.

एखादी गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी आणि दोन एकदम घेऊ नयेत.

व्हायरल लोडचा कागद कसा वाचावा

औषध बाळाला पुरेसे संरक्षण देते आहे की नाही, हे सांगणारा एकच कागद असतो आणि तो मागून घेणे हा तुमचा हक्क आहे. त्यावर प्रतिमिलिलिटर किती कॉपी, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती, हा आकडा असतो. ‘आढळला नाही’ असे लिहिलेले असेल तर यंत्राला विषाणू सापडलाच नाही. ‘२० पेक्षा कमी’ असे लिहिलेले असेल तर तो इतका थोडा आहे की मोजता येत नाही. दोन्ही निकाल चांगलेच. ५० च्या खाली असणे हे गरोदरपणातले उद्दिष्ट मानले जाते. मधेच एकदा ७० किंवा ९० असा आकडा आला तर लगेच धीर सोडू नये, पण तो दुर्लक्षूही नये. गोळ्यांच्या वेळा आणि वर सांगितलेली लोह-कॅल्शियमची गोष्ट तपासून चाचणी पुन्हा करून घ्यावी. सीडी४ चा आकडा वेगळा असतो. तो आईची प्रतिकारशक्ती दाखवतो, बाळाचा धोका त्यावरून ठरवत नाहीत.

आधीपासून औषधांवर असलेल्या स्त्रीने पहिल्याच तपासणीत व्हायरल लोड मागावा. नव्याने सुरू केलेल्या स्त्रीची चाचणी काही देशांत दोन ते चार आठवड्यांनी, तर काही ठिकाणी तीन महिन्यांच्या आत करतात. बाळंतपण जवळ असेल तर लवकर करण्याचा आग्रह धरावा. आणि ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यानची चाचणी कोणीही चुकवू नये, कारण बाळंतपण कसे करायचे आणि बाळाला कोणते औषध किती दिवस द्यायचे, हे दोन्ही निर्णय तिच्यावर उभे असतात. अहवाल यायला वेळ लागत असेल तर रक्त ३४व्या आठवड्यातच द्यावे.

दुष्परिणाम: कशासाठी थांबू नये आणि कशासाठी धावावे

पहिल्या काही आठवड्यांत झोप नीट न लागणे, डोके दुखणे, पोट बिघडणे हे होऊ शकते आणि बहुधा आपोआप ओसरते. डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तातील क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसते, पण त्याचा अर्थ मूत्रपिंडाला इजा झाली असा नसतो. टेनोफोव्हिरमुळे मात्र क्वचित खरी इजा होऊ शकते, म्हणून ही तपासणी अधूनमधून करतात. झिडोव्हुडीनने रक्त कमी होते, आणि गरोदरपणात आधीच रक्त कमी असेल तर हिमोग्लोबिनवर जास्त लक्ष ठेवावे लागते. अ‍ॅटाझॅनाव्हिर घेणाऱ्यांचे डोळे पिवळट दिसतात, ते बऱ्याचदा निरुपद्रवी असते, तरी कावीळ नाही ना याची खात्री करूनच निश्चिंत व्हावे.

लपवण्याजोगी नसलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही अभ्यासांत, विशेषतः रिटोनाव्हिरसोबत दिल्या जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत, दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होण्याचे किंवा बाळाचे वजन कमी भरण्याचे प्रमाण थोडे जास्त आढळले आहे. त्याच प्रकारच्या अभ्यासांत बाळाला लागण होण्याचे प्रमाण मात्र तीन औषधे घेणाऱ्यांतच सर्वांत कमी होते. त्यामुळे उपाय औषध टाळण्यात नाही. बाळाची वाढ सोनोग्राफीने नियमित पाहण्यात आणि कळा लवकर सुरू झाल्यासारख्या वाटल्या तर वेळ न दवडता जाण्यात आहे.

अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, लघवी गडद होऊन डोळे पिवळे होणे, सतत उलट्या आणि धाप, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अ‍ॅबॅकाव्हिर घेणाऱ्या स्त्रीला पुरळ आणि ताप ही त्या औषधाच्या वावड्याची खूण असू शकते. त्या वावड्यानंतर ते औषध आयुष्यात पुन्हा कधीच घ्यायचे नसते.

बाळंतपणाच्या दिवशी

३६ आठवड्यांच्या सुमारास व्हायरल लोड ५० च्या खाली असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियनची गरज नसते. तो १,००० च्या वर असेल, तर अनेक देशांत ३८व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन करतात आणि शिरेतून झिडोव्हुडीन देतात. मधल्या आकड्यांसाठी निर्णय प्रत्येकीचा वेगळा असतो.

कळा सुरू झाल्या तरी त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी उपाशी राहायला सांगितले तरी घोटभर पाण्यासोबत गोळी घेता येईल का, हे विचारून घ्यावे. दोन दिवसांच्या गोळ्या बॅगेत वेगळ्या ठेवाव्यात, कारण प्रसूतिकक्षात ती औषधे हाताशी असतीलच असे नाही. तुम्ही रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट घेत असाल तर बाळंतपण करणाऱ्यांना ते ठळकपणे सांगावे: वार पडल्यानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाणारे अर्गोमेट्रिन या औषधांसोबत दिल्यास रक्तवाहिन्या घातक रीतीने आकसू शकतात, आणि त्याऐवजी दुसरे औषध निवडावे लागते.

पती किंवा जोडीदाराला एचआयव्ही आहे, तुम्हाला नाही

गरोदरपणात किंवा दूध पाजत असताना नव्याने लागण झाली, तर सुरुवातीच्या आठवड्यांत व्हायरल लोड फार वर असतो आणि बाळाचा धोका मोठा होतो. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी तिसऱ्या तिमाहीत ती पुन्हा करावी. जोडीदाराचा व्हायरल लोड दबलेला नसेल तर निरोधासोबत टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबीन ही प्रतिबंधक गोळी, म्हणजे प्रेप, गरोदरपणात आणि स्तनपानातही घेता येते.

बाळाचे औषध, तपासणी आणि दूध

जन्मानंतर काही तासांतच बाळाला प्रतिबंधक औषध सुरू होते. ज्या आईचा व्हायरल लोड दबलेला आहे तिच्या बाळाला देशोदेशीच्या नियमांनुसार दोन ते सहा आठवडे एकच औषध पुरते. आईने चार आठवड्यांपेक्षा कमी काळ उपचार घेतला असेल, बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यात व्हायरल लोड १,००० च्या वर असेल किंवा गरोदरपणातच लागण झाली असेल, तर दोन किंवा तीन औषधे देतात, आणि बाळ आईच्या दुधावर असेल तर प्रतिबंधक औषध बारा आठवड्यांपर्यंत लांबवतात. पातळ औषध मापाच्या पिचकारीनेच द्यावे, चमच्याने नव्हे, कारण एवढ्याशा बाळात अर्धा मिलिलिटरही कमी-जास्त होणे परवडत नाही.

बाळाची साधी अँटिबॉडी चाचणी सुरुवातीला पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये. ती आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. म्हणून पहिली चाचणी विषाणूच शोधणाऱ्या पीसीआर पद्धतीने करतात, काही ठिकाणी जन्मतः आणि सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवड्यांच्या वयात.

दुधाबद्दलचे सल्ले देशागणिक वेगळे आहेत आणि ते ऐकून गोंधळायला होते. जागतिक आरोग्य संघटना औषधे नियमित घेणाऱ्या मातांना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत किमान बारा महिने, हवे तर दोन वर्षे किंवा अधिक, स्तनपान करण्याचा सल्ला देते. स्वच्छ पाणी आणि वरचे दूध खात्रीने मिळणाऱ्या देशांत वरच्या दुधालाच प्राधान्य होते. अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये आपली मार्गदर्शक सूचना बदलून, आईशी चर्चा करून निर्णय घ्यावा असे म्हटले. औषधे अखंड चालू आणि व्हायरल लोड दबलेला असताना दुधातून लागण होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते, पण ती शून्य नसते. स्तनपान निवडले तर स्तनाला भेगा किंवा सूज आल्यास त्या बाजूने पाजणे थांबवून लगेच दाखवावे, आणि व्हायरल लोड तीन महिन्यांनी व पुढेही ठरावीक काळाने तपासत राहावा.

बाळंतपणानंतरचे महिने हे गोळ्या चुकण्याचे खरे महिने असतात. रात्रीची जागरणे, स्वतःकडे झालेले दुर्लक्ष आणि ‘बाळ तर सुखरूप आले’ हा दिलासा, या तिन्हींमुळे डबा बाजूला पडतो, आणि नेमक्या त्याच काळात बाळ आईच्या दुधावर असते. बाळाच्या औषधाच्या वेळेला जोडून स्वतःची गोळी घेतली तर दोन्ही आठवतात. बाळाचे औषध संपल्यावरही गजर तसाच ठेवावा. बाळाची शेवटची अँटिबॉडी चाचणी अठरा महिन्यांना होते. दूध त्यानंतरही चालू असेल तर ते पूर्ण सुटल्यावर तीन महिन्यांनी ती आणखी एकदा करून घ्यावी लागते, म्हणून दूध कोणत्या तारखेला सुटले ते बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवावे.